कर्नाळा: अंगठ्याखालचा गड नीट पाहायचा तर

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की शिरढोणच्या पुढे डाव्या हाताला डोंगराच्या माथ्यावर दगडी अंगठा उभा दिसतो. हा कर्नाळ्याचा सुळका. कोकणात जाणारा प्रत्येक माणूस तो गाडीच्या काचेतून पाहतो, पण त्याच्या बुंध्याशी जाऊन येणारे थोडेच. गड छोटा आहे, चढ मध्यम आहे, मुंबई-पुण्याहून एका दिवसात सहज होतो. म्हणूनच बहुतेक जण तयारीशिवाय येतात आणि हमखास त्याच तीन चुका करतात: उशिरा निघतात, पाणी कमी आणतात आणि सुळक्याखाली आरडाओरडा करतात. तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. तेवढा एक भाग तरी वाचल्याशिवाय कर्नाळ्याला जाऊ नका.

गड इथेच का बांधला

वर गेल्यावर काय पाहायचे हे कळायला हवे असेल तर नकाशावर आधी कर्नाळ्याची जागा बघा. उत्तरेला पनवेलची खाडी, दक्षिणेला पाताळगंगा आणि तिच्या मुखाशी धरमतरची खाडी. पश्चिमेला उरण-पेणची सपाट खारजमीन, पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याचे डोंगर आणि त्यांच्यामागे बोरघाट. घाटावरून उतरलेला माल पनवेलच्या बंदराला लागणार, आणि पनवेलहून पेण-चौलकडे जाणारी वाट कर्नाळ्याच्या खिंडीतून जाणार. या खिंडीवर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही. आजचा मुंबई-गोवा महामार्गही याच खिंडीतून जातो. रस्ता बदलला, वाट तीच राहिली.

म्हणून हा चिमुकला गड हातोहात फिरला. सोळाव्या शतकात गुजरातचा सुलतान, अहमदनगरचा निजामशहा आणि वसईचे पोर्तुगीज यांच्यात तो खेचला जात होता. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना जे २३ किल्ले दिले, त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. पुढे तो पुन्हा मोगलांकडे गेला, मग पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने इंग्रजांसाठी जिंकला. पायथ्याच्या शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे या गडाचे किल्लेदार होते. येताना-जाताना शिरढोणला अर्धा तास थांबून त्यांचे स्मारक पाहता येते. गड आणि गाव एकमेकांशिवाय अपुरे आहेत.

कधी जावे

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा उत्तम काळ. त्यातही डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असते आणि गडावरून खाडीपर्यंत दिसते. एक मात्र ध्यानात ठेवा: थंडीत सकाळी खालच्या पट्ट्यावर धुके आणि धूळ साचून राहते, त्यामुळे सातला वर पोहोचून काही दिसत नाही. दहा ते साडेदहाच्या सुमारास पडदा उठतो. तेव्हा वर असायचे या हिशेबाने निघा.

पावसाळ्यात जंगल बहरते, पण गडाची शेवटची पावले शेवाळलेल्या कातळावर पडतात आणि सुळका ढगात असतो, म्हणजे कष्ट दुप्पट आणि दर्शन शून्य. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासन बंदीही घालते. जून ते सप्टेंबरमध्ये आलात तर गड सोडा, खालच्या जंगलात फिरा. तेव्हा इथे तिबोटी खंड्या घरटी करतो. चिमणीएवढा, जांभळा-नारिंगी, चोच लालबुंद. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो बीळ खणतो. बिळापासून लांब राहा. माणूस जवळ उभा असेल तर भक्ष्य चोचीत धरून तो बाजूच्या फांदीवर ताटकळतो आणि पिल्ले आत उपाशी राहतात.

मार्च ते मे कर्नाळा टाळावाच. उंची सुमारे ४४० मीटर, म्हणजे थंड हवेची अपेक्षा नको. समुद्र जवळ असल्याने दमट उकाडा असतो, घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. घाटमाथ्यावर सहज चढणारी माणसे इथे मे महिन्यात अर्ध्या वाटेवर बसतात ती यामुळेच.

पोहोचणे

हार्बर लोकलने पनवेल गाठा. स्टेशनपासून एसटी स्थानक चालत जाण्याइतके जवळ आहे. पेण, अलिबाग, रोहा, महाड या दिशेची साधी गाडी पकडा आणि चढतानाच कंडक्टरला विचारा, “कर्नाळा अभयारण्याला थांबणार ना?” लांब पल्ल्याच्या आणि विनाथांबा गाड्या थांबत नाहीत, आणि चुकून बसलात तर थेट पेणला उतरावे लागते. पनवेलपासून अंतर १२ किलोमीटरच्या आसपास आहे. तीन-चार जण असाल तर पनवेलहून रिक्षा ठरवून जाणे सोयीचे, पण भाडे आधी बोलून घ्या.

खरी अडचण परतताना येते. पनवेलकडची गाडी पकडायला महामार्ग ओलांडावा लागतो. खिंडीचा उतार आणि वळण असल्याने ट्रक वेगात येतात आणि वळणाआडून अचानक दिसतात. दमलेल्या पायांनी, मुलांचा हात धरून धावत रस्ता पार करू नका. दोन्ही बाजू लांबवर दिसतील अशी जागा गाठा, आधी दुभाजकापर्यंत या, थांबा, मग पुढचा अर्धा ओलांडा. गडाच्या चढापेक्षा हा रस्ता जास्त धोक्याचा आहे.

स्वतःची गाडी असेल तर प्रवेशद्वाराजवळ लावता येते. रविवारी नऊनंतर जागा मिळणे कठीण.

सोबत काय न्यावे

माणशी किमान दोन लिटर पाणी, मार्चनंतर तीन. वाटेत पाणी नाही. गडावर टाकी आहेत, पण त्यांतले पाणी गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिण्याजोगे समजू नका. स्टीलची किंवा जाड बाटली आणा. अभयारण्यात प्लास्टिकवर कडक नजर असते. प्रवेशद्वारावर पिशव्या तपासतात, बाटल्या मोजून अनामत ठेवून घेतात आणि परतताना तेवढ्याच बाटल्या दाखवल्या की पैसे परत मिळतात. सुटे पैसे जवळ ठेवा.

खाणे सुके आणि न सांडणारे हवे: दशमी, धपाटे, पोळी-गूळ, चिक्की, दाणे, संत्री. केळी पिशवीच्या वरच्या कप्प्यात नकोत, माकडे पिशवी हिसकावतात. मीठ-साखरेची पुडी प्रत्येकाकडे असावी. पायात चांगली पकड असलेले बूट हवेत. घासून गुळगुळीत झालेल्या तळव्यांचे बूट, चपला, फ्लोटर सगळे उतरताना दगा देतात. अंगात पूर्ण बाह्यांचा, फिक्या पण भडक नसलेल्या रंगाचा सुती कपडा, आणि प्रत्येकाकडे एक मोठा पंचा किंवा ओढणी. हा पंचा घाम पुसायला नाही. त्याचे कारण सुळक्यापाशी कळेल. अत्तर, सेंट, सुवासिक तेल लावून येऊ नका. कारण तेच.

स्पीकर, मद्य, काडेपेटी घरी ठेवा. गडावर मुक्काम करता येत नाही, चूल पेटवता येत नाही. स्वच्छतागृह प्रवेशद्वाराच्या परिसरातच आहे, ते उरकूनच पुढे निघा.

पहिला टप्पा: दार ते धार

दार उघडताच आत शिरा. साडेनऊ-दहानंतर आत आलेला माणूस भर उन्हात धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावर, असतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बाहेर पडायचे असल्याने वर गडबड करतो. निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ, शुल्क आणि गडाची वाट खुली आहे का, हे फाटकावर विचारून घ्या.

सुरुवातीची वाट रुंद आणि सोपी आहे. १९६८ मध्ये हे पक्षी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा क्षेत्र ४.४८ चौरस किलोमीटर होते. २००३ मध्ये ते वाढून १२.११ झाले. इथे दीडशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत, आणि त्यांतले बरेच याच खालच्या पट्ट्यात सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान दिसतात. म्हणून इथे वेग धरू नका. एका जागी दहा मिनिटे गप्प उभे राहिलात तर आधी आवाज कळू लागतात. माणसाने बेसूर शीळ घालावी तसा सूर ओढ्याकडून आला तर तो शीळकरी कस्तूर. उंच झाडावरून दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल ऐकू आली तर भृंगराज शोधा. शेपटीची दोन लांब पिसे टोकाशी पंख्यासारखी, आणि उडताना दोन भुंगे पाठलाग करत आहेत असे वाटते. अभयारण्यात हरियाल आणि मोरटाका अशा निसर्गवाटाही आहेत. ज्यांना गड झेपणार नाही त्या आजी-आजोबांनी त्याच धराव्यात, मनासारखी सकाळ मिळते.

गडाची पाटी दिसली की मळलेली वाट सोडू नका. इथून चढ अंगावर येतो: दगड, मुळे, मुरूम, वर झाडांची सावली. मध्यम चालीने धारेपर्यंत पाऊण ते एक तास लागतो. जवळवाटा दिसतात, पण त्या पावसाच्या पाण्याने कापलेल्या घळी आहेत. त्यांतून चढता येते, उतरताना मात्र माती सुटते आणि घळ दरवर्षी रुंदावते.

दोन धोके ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यात हिरवा चापडा झुडपाच्या फांदीवर तासन् तास निपचित बसतो. विषारी असतो, आणि पानात पान होऊन गेलेला असतो. आधाराला फांदी धरण्याआधी ती बघा. जानेवारीनंतर पानगळ होते आणि वाटेवर वाळलेल्या पानांचा थर बसतो. त्याखाली सुटे खडे असतात. चढताना हे जाणवत नाही, उतरताना पाय थरासकट सरकतो. काठी असेल तर पाऊल टाकण्याआधी पाने बाजूला सारा.

दुसरा टप्पा: धारेवरून दरवाजापर्यंत

धारेवर आलात की झाडी विरळ होते, वारा लागतो आणि सुळका समोर येतो. चेहऱ्यावर ऊनही येते. इथे पाच मिनिटे बसून पाणी प्या, टोपी घाला. तहान लागण्याची वाट पाहू नका. ती उशिरा कळते.

सुळका समोर ठेवून धारेने चालत राहिले की गडाखाली करणाई देवीचे ठाणे लागते. गडाचे नाव आणि देवीचे नाव यांचे नाते इथे सांगितले जाते. इथून पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि कठडा आहे. काही पायऱ्या अर्ध्याच उरल्या आहेत, म्हणून कठड्यावर सगळा भार टाकू नका, तो फक्त तोल सांभाळायला. समोरून कुणी उतरत असेल तर त्यांना आधी येऊ द्या. अरुंद जागी घाई केली की बाहेरच्या बाजूचा माणूस अडचणीत येतो, म्हणून वाट देताना नेहमी कातळाच्या बाजूला राहा.

पहिल्या दरवाजातून तसेच पुढे जाऊ नका. मागे वळून आतल्या बाजूने पाहा. इथे मराठी शिलालेख आहे. वरच्या आणि खालच्या दरवाजांच्या दरम्यान फारसी लेख आहे, त्यावर हिजरी ११४६ हे साल वाचले गेले आहे. अक्षरे झिजलेली आहेत. उन्हाची तिरीप बाजूने पडते तेव्हाच उठाव दिसतो, म्हणून सकाळची वेळ बरी. अक्षरांत खडू, पीठ, पाणी घालून फोटो काढायची वाईट सवय लोकांना लागली आहे. खडूने दगडाची झीज वाढते. मोबाइलचा प्रकाश भिंतीला लावून आडवा पाडा, तेवढ्याने अक्षर उठते.

सुळका, टाकी आणि आग्या माश्या

वरचा दरवाजा ओलांडला की पडका वाडा, आणि त्यामागे एकदम सुळका. सव्वाशे फुटांच्या आसपास उंच, जवळजवळ उभा, बेसॉल्टचा. याला पांडूचा बुरूज असेही म्हणत. इंग्रजांनी जहाजांच्या नजरेने याला फनेल हिल म्हटले. बुंध्याशी खडकात खोदलेली टाकी आणि कोठारे ओळीने आहेत. एका टाक्याशी खाली बसून आत पाहा: छिन्नीचे तिरपे घाव अजून मोजता येतात, काठाला दोरीने पडलेल्या खाचा बोटाला लागतात. एवढ्या चिंचोळ्या माथ्यावर शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, टिकली ती या टाक्यांच्या जोरावर. टाक्यात पाय घालू नका, साबण लावू नका, नाणी टाकू नका. पक्षी आणि प्राणी उन्हाळ्यात याच पाण्यावर जगतात.

आता मान वर करा. सुळक्याच्या कपारींना काळपट, अर्धचंद्रासारखे पडदे लटकलेले दिसतील. ती आग्या मोहोळे. एकेका पोळ्यावर हजारो माश्या असतात आणि पोळे उघड्यावर असल्याने राखणीसाठी बाहेरचा थर सतत जागा असतो. कर्नाळ्यावर माश्यांनी माणसांवर हल्ला केल्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि बहुतेक वेळा निमित्त माणसाचेच असते. धूर, दगड, फटाका, मोठा आवाज, ड्रोनची घरघर, उग्र वास. मधुबाज पोळ्यावर झडप घालतो तेव्हाही माश्या उठतात, त्यात तुमचा दोष नसतो, पण खाली तुम्ही असता.

म्हणून बुंध्याशी कुजबुजत बोला. ‘शिवाजी महाराज की जय’ची गर्जना धारेवर द्या, इथे नाही, महाराजांच्या गडाचा मान राखायची ती खरी रीत आहे. सुळक्याला टेकून जेवायला बसू नका. पोळ्यावरून माश्यांची लाट पसरल्यासारखी थरथर दिसली किंवा गुणगुण अचानक वाढली, तर फोटो सोडा आणि ताबडतोब शांतपणे खाली दरवाजाकडे निघा.

माश्या अंगावर आल्याच तर हात झटकू नका आणि माशी चिरडू नका. चिरडलेल्या माशीतून आणि नांगीतून जो वास सुटतो तो इतर माश्यांना तिथेच बोलावतो. पंचा डोक्यावर ओढून चेहरा, कान, मान झाका, समोर फट ठेवा आणि पायाखालची वाट बघत लांब निघा. घाबरून धावलात तर पायऱ्यांवरून कोसळाल, ते माश्यांपेक्षा वाईट. टाक्यात उडी मारणे हा उपाय नाही. माश्या वर घिरट्या घालत थांबतात. दाट झाडीत शिरल्यावर त्यांचा पाठलाग तुटतो. सुरक्षित जागी आल्यावर नांग्या नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून काढा, लगेच काढा. नांगी जितका वेळ आत, तितके विष जास्त. ओठ-जीभ सुजणे, धाप, चक्कर, अंगभर गांधी (लाल चट्टे), किंवा लहान मुलाला अनेक डंख असे काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा, फाटकावर कळवा आणि पनवेलला हलवा. ज्यांना मधमाशीची अ‍ॅलर्जी आहे हे माहीत आहे, त्यांनी करणाईच्या ठाण्यापुढे जाऊ नये.

सुळका चढायचा नसतो. तो दोर-मेखांचे प्रशिक्षण असलेल्यांचा, परवानगीचा आणि मोसमाचा विषय आहे. बुंध्यावरून ‘दोन पावले वर’ जाऊन फोटो काढणारे अडकतात, कारण चढताना दिसणारी खोबण उतरताना पायाला सापडत नाही.

काय दिसते

तटाच्या कडेने फिरा, कडेपासून दोन हात आत राहून. उत्तरेला पनवेल, नवी मुंबईच्या इमारती आणि पलीकडे चंदेरी-मलंगची रांग. ईशान्येला प्रबळगडाचे आडवे पठार आणि त्याच्यामागे माथेरान; प्रबळजवळचे नेढे (खडकातले आरपार भोक) असलेले टोक ते इरशाळ. पूर्वेला माणिकगड, आग्नेयेला सांकशी. दक्षिणेला पाताळगंगेचे वळण आणि खारपाड्याचा पूल.

पश्चिमेकडे मात्र निवांत बसा. खाली महामार्ग दोऱ्यासारखा, पुढे खारजमिनीचे चौकोन, त्यांतून चमकणाऱ्या खाड्या, शेवटी द्रोणागिरीचा डोंगर आणि करंजा. ओहोटीला चिखलाचे तपकिरी पट्टे दिसतात, भरतीला त्याच जागी पाणी. शक्य असेल तर भरतीची वेळ पाहून जा. पौर्णिमा-अमावास्येला कोकणच्या या भागात मोठी भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते. पाणी किती आत शिरते हे तेव्हा डोळ्यांना कळते, आणि गलबते पनवेलपर्यंत कशी येत असतील हेही.

उतरणे

भरतीसाठी थांबायचे नसेल तर बाराच्या आत उतरायला लागा. गडावर चढताना दम जातो, उतरताना गुडघे. पायऱ्या संपेपर्यंत तोंड कातळाकडे करून उतरले तरी चालेल, त्यात कमीपणा काही नाही. धारेनंतरच्या उतारावर लहान पावले, गुडघा किंचित वाकलेला, टाच आधी न टेकता पूर्ण तळवा एकदम. मुले पुढे पळू लागतात; एक मोठा माणूस पुढे आणि एक शेवटी ठेवा. आठ वर्षांखालच्या मुलांना धारेपर्यंतच न्यावे, पायऱ्यांवर नाही.

एकूण हिशेब: चढायला दीड ते दोन तास, गडावर दीड तास, उतरायला सव्वा तास, आणि पक्ष्यांसाठी सकाळचा एक तास. साडेसातला आत गेलात तर दोनपर्यंत फाटकावर. बाटल्या दाखवून अनामत घ्या, जवळच्या उपाहारगृहात गरम काहीतरी खा, आणि मग सावकाश, दुभाजकावर थांबून, रस्ता ओलांडा.